धुरावर फिरणारे चाक

नवी मोटार परवडत नाही म्हणून, किंवा रोजच्या धावपळीला नवी कशाला म्हणून, आपल्याकडे पुष्कळ कुटुंबे दुसऱ्याने वापरलेली मोटार विकत घेतात. अशी गाडी पाहायला गेले की घरातली मोठी माणसे रंग पाहतात, टायर पाहतात, गाडी किती किलोमीटर पळाली ते विचारतात. या साऱ्या गोष्टी पाहाव्यात हे खरेच. पण गेल्या वीस वर्षांत साध्या कौटुंबिक मोटारींच्या बॉनेटखाली एक छोटे यंत्र येऊन बसले आहे. त्याचा आकार सोललेल्या नारळाएवढा असतो आणि त्याचे नाव टर्बोचार्जर. बोलताना सगळे त्याला नुसते ‘टर्बो’ म्हणतात. घेतलेली गाडी पाच वर्षे बिनतक्रार चालणार की सहा महिन्यांतच घरखर्चाला खिंडार पाडणार, हे बरेचसे या यंत्राच्या प्रकृतीवर ठरते.

ती प्रकृती ओळखायची तर हे यंत्र काय करते ते आधी समजले पाहिजे. त्यासाठी शाळेत शिकलेले पदार्थविज्ञान पुरेसे आहे.

इंजिनाचा श्वास

एक खरेखुरे इंजिन उदाहरणादाखल घेऊ. फियाट कंपनीने तयार केलेले १.३ लिटरचे ‘मल्टिजेट’ डिझेल इंजिन आपल्या देशात अतिशय लोकप्रिय झाले. २००७ सालापासून ते मारुती स्विफ्टमध्ये बसू लागले. टाटा आणि फियाट यांच्या गाड्यांसाठी ते पुणे जिल्ह्यात रांजणगावला तयार होत असे. मारुतीने २०२० साली डिझेल मोटारी बनवणे थांबवले. त्यामुळे डिझेलवर चालणारी स्विफ्ट आता घ्यायची झाली तर ती वापरलेलीच घ्यावी लागते.

या इंजिनात चार सिलिंडर आहेत. प्रत्येकाचा व्यास ६९.६ मिलिमीटर आणि दट्ट्याची, म्हणजे पिस्टनची, धाव ८२ मिलिमीटर. वृत्तचितीचे घनफळ काढण्याचे सूत्र तुम्हाला येतेच. आकडेमोड केली तर एका सिलिंडरात सुमारे ३१२ घ. सेंमी. आणि चारांत मिळून १२४८ घ. सेंमी. जागा होते. गाडीच्या कागदपत्रांवर हाच आकडा छापलेला असतो.

दट्ट्या खाली जाताना सिलिंडरात हवा ओढली जाते. नेहमीच्या हवेचे वजन लिटरला सुमारे १.२ ग्रॅम. म्हणजे एका श्वासात एका सिलिंडरात फार तर ०.३७ ग्रॅम हवा जाणार. आता, १ ग्रॅम डिझेल पूर्ण जळायला सुमारे १४.५ ग्रॅम हवा लागते. तेव्हा ०.३७ ग्रॅम हवेत जेमतेम ०.०२५ ग्रॅम डिझेल जळू शकेल, म्हणजे एका थेंबाहूनही कमी! याहून जास्त डिझेल आत सोडले तर ते अर्धवट जळते आणि काळा धूर होऊन बाहेर पडते.

यावरून एक गोष्ट ध्यानात येईल. इंजिनाची शक्ती इंधनावर अवलंबून असते असे आपण म्हणतो, पण इंधन वाटेल तितके आत सोडता येते. अडते ते हवेपाशी. जास्त शक्ती हवी असेल तर जास्त हवा हवी. त्यासाठी एक तर सिलिंडर मोठे करायचे, नाही तर तेवढ्याच सिलिंडरात हवा दाबून कोंबायची.

वाया जाणारी ऊर्जा कामाला

हवा कोंबायची म्हणजे पंप हवा, आणि पंप चालवायचा म्हणजे ऊर्जा हवी. ती आणायची कोठून? याचे उत्तर सायलेन्सरच्या नळीत आहे. जळलेल्या इंधनाच्या उष्णतेपैकी ढोबळ मानाने एक तृतीयांश चाकांच्या उपयोगी पडते, सुमारे तेवढीच रेडिएटर वगैरे मार्गांनी जाते आणि उरलेली धुराबरोबर बाहेर फेकली जाते. डिझेल इंजिनावर पूर्ण भार असताना हा धूर ७०० ते ८०० अंश सेल्सिअस तापलेला असतो. पेट्रोल इंजिनात तो याहूनही गरम असतो. अशी गरम, दाबाखालची, वेगाने वाहणारी वायूची धार आपण फुकट घालवत असतो.

टर्बोचार्जरमध्ये या धारेच्या वाटेत पात्यांचे एक लहान चाक बसवलेले असते. त्याला टर्बाइन म्हणतात. धबधब्याखाली पाणचक्की फिरावी तसे हे चाक धुरावर फिरते. याच चाकाच्या दांड्याच्या दुसऱ्या टोकाला तसलेच दुसरे चाक असते. ते बाहेरची स्वच्छ हवा ओढून, दाबून इंजिनात ढकलते. त्याला कॉम्प्रेसर म्हणतात. धूर आणि ताजी हवा यांची कोठेही गाठ पडत नाही. दोहोंमध्ये दुवा असतो तो फक्त फिरणाऱ्या दांड्याचा.

याचा परिणाम पाहा. १९९८ साली आलेल्या टाटा इंडिकाच्या डिझेल इंजिनाला टर्बो नव्हता. ते १४०५ घ. सेंमी.चे असून सुमारे ५३ अश्वशक्ती देई, आणि त्याची फिरवण्याची ताकद, म्हणजे टॉर्क, सुमारे ८५ न्यूटन-मीटर होती. त्याहून लहान असलेले १२४८ घ. सेंमी.चे टर्बो इंजिन स्विफ्टमध्ये ७५ अश्वशक्ती आणि १९० न्यूटन-मीटर देते. याचे सारे श्रेय एकट्या टर्बोचे नाही. नव्या इंजिनात डिझेल फार मोठ्या दाबाने थेट सिलिंडरात फवारले जाते, त्याचाही यात वाटा आहे. पण दाबलेल्या हवेवाचून हा पल्ला गाठता आला नसता.

कल्पना जुनीच

ही युक्ती आजची नव्हे. आल्फ्रेड ब्युखी या स्विस अभियंत्याने १९०५ साली तिचे पेटंट घेतले. पुढे अमेरिकेत सॅन्फर्ड मॉस यांना विमानांची एक अडचण सोडवायची होती. उंचावर हवा विरळ होते, त्यामुळे विमानाच्या इंजिनाचा दम लागतो. १९१८ साली मॉस यांनी ३५० अश्वशक्तीचे एक इंजिन पाइक्स पीक या सुमारे ४३०० मीटर उंचीच्या पर्वताच्या माथ्यावर नेले. तेथे ते नुसते चालवले तेव्हा शक्ती २३० अश्वशक्तीपर्यंत घसरली. टर्बो जोडल्यावर तेच इंजिन ३५६ अश्वशक्ती देऊ लागले. टर्बोने विरळ हवेची उणीव पुरती भरून काढली होती. याच कारणाने घाट चढताना टर्बोवाली गाडी कमी दमते.

घरगुती मोटारीत मात्र टर्बो सहजासहजी रुजला नाही. १९६२ साली अमेरिकेत ओल्ड्समोबिल जेटफायर ही टर्बोवाली पेट्रोल मोटार आली. पेट्रोल इंजिनात दाब फार वाढला की इंधन अवेळी पेटते आणि आतून ठोके पडू लागतात. ते टाळण्यासाठी या गाडीत पाणी आणि मिथेनॉल यांचे मिश्रण एका वेगळ्या टाकीतून फवारले जाई. टाकी रिकामी झाली की टर्बोचा दाब आपोआप कमी होई. ती वेळोवेळी भरायचे काम मालकाचे होते, आणि पुष्कळ मालक ते विसरत. गाडी मंद झाली म्हणून तक्रारी आल्या आणि १९६३ नंतर ती बंद पडली. रोज वापरायच्या यंत्राने माणसाच्या आठवणीवर विसंबून चालत नाही, हा धडा यातून मिळाला.

१९७७ साली स्वीडनच्या साब कंपनीने ‘९९ टर्बो’ ही मोटार लोकांसमोर आणली. तिच्यात दाब ठरावीक मर्यादेपलीकडे गेला की एक झडप उघडे आणि जादा धूर टर्बाइनला वळसा घालून निघून जाई. या झडपेला वेस्टगेट म्हणतात. तिच्यामुळे रोजच्या गाडीत टर्बो सुखाने नांदू लागला. १९७८ साली मर्सिडीजची टर्बो डिझेल मोटारही बाजारात आली. आज आपल्याकडे डिझेलच नव्हे तर पेट्रोलच्या लहान गाड्यांतही टर्बो सर्रास असतो. २०१७ साली आलेल्या टाटा नेक्सॉनचे १.२ लिटरचे पेट्रोल इंजिन हे त्याचे ठळक उदाहरण.

दाबली की तापते

सायकलच्या पंपाने हवा भरताना पंपाचे तळटोक गरम लागते, हा अनुभव तुम्ही घेतला असेल. हवा दाबली की तापते. टर्बोतही तेच घडते. समजा, बाहेरची २७ अंश सेल्सिअसची हवा दुप्पट दाबाला नेली. प्रत्यक्ष कॉम्प्रेसरमधून ती सुमारे १२० अंशांची होऊन बाहेर पडते. तापलेली हवा प्रसरण पावते, म्हणून दाब दुप्पट झाला तरी हवा दुप्पट भरत नाही. केल्विनमध्ये हिशोब करा. सुरुवातीचे तापमान ३००, नंतरचे ३९३. २ ला ३०० ने गुणून ३९३ ने भागले की उत्तर येते सुमारे १.५. म्हणजे हवा फक्त दीडपट भरली.

आता हीच हवा मध्येच थंड करून ६० अंशांवर, म्हणजे ३३३ केल्विनवर आणली तर? तोच हिशोब पुन्हा केला की १.८ पट हवा भरते. नुसत्या थंड करण्याने केवढा लाभ झाला! म्हणून पुष्कळ गाड्यांत टर्बो आणि इंजिन यांच्या मध्ये रेडिएटरसारखा एक जाळीदार भाग असतो. त्याला इंटरकूलर म्हणतात. तो आणि त्याच्या रबरी नळ्या जुन्या गाडीत तपासायला विसरू नये. नळीला चीर गेली की दाबलेली हवा वाटेतच निसटते. मग गाडी ओढत नाही आणि काळा धूर सोडते.

तेलाचा पापुद्रा

आता टर्बोच्या खऱ्या मर्मस्थानाकडे वळू. घरातला छताचा पंखा मिनिटाला तीनशे-चारशे फेरे घेतो. स्वयंपाकघरातला मिक्सर सुमारे वीस हजार. लहान मोटारीतला टर्बो पूर्ण जोरात असताना मिनिटाला दोन लाखांच्या आसपास फेरे घेऊ शकतो!

चाकाचा व्यास ४ सेंमी. धरला तर या वेगाला त्याची कड सेकंदाला सुमारे ४२० मीटर धावते. हवेत ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ३४० मीटर असतो, हे लक्षात घ्या. कडेवरच्या १ ग्रॅम धातूला जागेवर धरून ठेवायला जवळजवळ ९०० किलोग्रॅम वजनाइतके बल लागते. तिथे वाळूचा एक कण येऊन आदळला तर काय होईल, याची कल्पना करा.

एवढ्या वेगात फिरणारा दांडा कशावर टेकलेला असतो? बहुतेक गाड्यांत छर्ऱ्यांचे बेअरिंग नसून साधी धातूची कडी असतात, आणि दांडा व कडी यांच्यामध्ये इंजिनाच्या तेलाचा एक पातळ थर असतो. हा थर आपल्या केसाच्या जाडीहूनही पातळ असतो. दांडा धातूला टेकतच नाही, तो तेलावर तरंगतो. एका बाजूला धगधगता धूर, दुसऱ्या बाजूला ताजी हवा आणि मध्ये हा तेलाचा पापुद्रा, असा सारा संसार आहे. तेल दांड्याला आधार देते आणि त्याची उष्णताही वाहून नेते.

टर्बोचे आयुष्य धातूपेक्षा तेलावर अधिक अवलंबून असते, ही या लेखातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट. टर्बो बहुधा म्हातारपणाने मरत नाही. तो तेलावाचून तहानेने मरतो, घाणेरड्या तेलाने मरतो किंवा हवेतून आलेल्या कचऱ्याने मरतो. ही तिन्ही मरणे टाळता येण्याजोगी आहेत.

तेल बदलण्याची मुदत टळली की ते काळे, दाट होते आणि त्यात गाळ साचतो. टर्बोला तेल पोहोचवणारी नळी बारीक असते, ती या गाळाने अरुंद होते. दुसरे असे की घाट चढून किंवा भरधाव येऊन चालकाने लगेच चावी फिरवून इंजिन बंद केले, तर तेलाचा प्रवाह थांबतो, पण तापलेले टर्बाइन काही क्षणात थंड होत नाही. त्याची धग दांड्याकडे सरकते आणि तेथे अडकलेले तेल करपून त्याची काजळी होते. कढई आचेवर विसरली की तेलाचा चिकट, काळा थर बसतो, तसाच हा प्रकार. पुष्कळ नव्या गाड्यांत टर्बोभोवती थंड पाणी खेळवलेले असते, त्यामुळे हा धोका कमी झाला आहे. पण पूर्ण गेलेला नाही.

डिझेल गाडीत टर्बोची सील फारच खराब झाली तर एक भयंकर प्रकार क्वचित घडतो. इंजिनाचे तेल हवेच्या वाटेने सिलिंडरात शिरते आणि इंजिन तेच इंधन म्हणून जाळू लागते. मग चावी काढून घेतली तरी ते थांबत नाही, उलट वेग वाढतच जातो. त्याची हवा कोंडली, किंवा गाडी वरच्या गियरमध्ये टाकून, ब्रेक घट्ट दाबून, क्लच सोडून त्याला गुदमरवले, तरच ते बंद पडते. बघ्यांनी अशा गाडीपासून दूर राहावे.

गाडी पाहायला जाताना

एवढे समजल्यावर वापरलेली गाडी कशी पारखावी हे पाठ करायची गरज उरत नाही. प्रत्येक तपासणीमागचे कारण तुम्हाला माहीत झाले आहे.

विकणाऱ्याला आधीच सांगावे की आम्ही येईपर्यंत इंजिन सुरू करू नका. गरम इंजिन आपले पुष्कळ दोष लपवते. गेल्यावर बॉनेटला हात लावून ते थंड असल्याची खात्री करावी. मग डिपस्टिक काढून तेलाची पातळी पाहावी. डिझेल इंजिनाचे तेल लवकर काळे पडते, तेव्हा नुसत्या काळेपणाला भिऊ नये. पण पातळी खालच्या खुणेच्याही खाली असेल, किंवा तेल भरायच्या झाकणाच्या आत लोण्यासारखा दाट गाळ असेल, तर मालकाने हेळसांड केली असे समजावे.

त्यानंतर धुराकडे पाहावे. इंजिन काही मिनिटे मंद चालू ठेवून मग अॅक्सिलरेटर दाबावा. निळसर धूर म्हणजे तेल जळत आहे. तो टर्बोच्या सीलमुळे असेल किंवा झिजलेल्या दट्ट्याच्या कड्यांमुळे. दाट काळा धूर म्हणजे इंधनाच्या मानाने हवा कमी पडते आहे. एअर फिल्टर चोंदलेला असेल, नळी फुटली असेल किंवा टर्बो हवा पुरवत नसेल. थंडीच्या सकाळी सुरुवातीला दिसणारी पांढरी वाफ साधी असते. पण इंजिन तापल्यावरही पांढरा धूर येतच राहिला तर सावध व्हावे.

पुढची तपासणी चांगल्या मेकॅनिककडूनच करून घ्यावी, आणि तीही इंजिन बंद व थंड असताना. तो हवेची नळी काढून कॉम्प्रेसरचे चाक बोटाने हलवून पाहतो. दांडा तेलावर तरंगणारा असल्याने आडवी हालचाल किंचित असतेच. पण चाक आवरणाला घासत असेल, किंवा दांडा मागेपुढे सरकत असेल, तर बेअरिंग गेले. पात्यांच्या कडा कुरतडल्यासारख्या दिसल्या तर एअर फिल्टरकडे दुर्लक्ष होऊन कचरा आत गेला आहे. नळीत तेलाचा थोडा ओलावा दिसला तर घाबरायचे कारण नाही. तेल साचलेले असेल तर मात्र आहे.

शेवटी गाडी चालवून पाहावी. चढावर तिसऱ्या गियरमध्ये इंजिन १५०० फेऱ्यांवरून वर नेले की १८०० ते २००० च्या आसपास गाडी अंगात आल्यासारखी ओढू लागली पाहिजे. त्याआधी थोडी सुस्ती असते. जड चाकाला वेग घ्यायला वेळ लागतो, तसे टर्बोलाही पुरेसा धूर मिळून वेग घ्यायला क्षणभर लागतो. ही सुस्ती दोष नव्हे. हलकी शीळ ऐकू आली तर तीही स्वाभाविक आहे. पोलिसांच्या सायरनसारखा चढता आवाज किंवा धातू घासल्याची किरकिर मात्र स्वाभाविक नाही.

आणि सर्वांत मोलाचा पुरावा कागदाचा. तेल केव्हा, किती किलोमीटरला बदलले याची बिले मागावीत. किलोमीटरचा आकडा मागे फिरवता येतो, पण वर्षानुवर्षांच्या बिलांची ओळीने लागणारी मालिका सहसा खोटे बोलत नाही. दीड लाख किलोमीटर पळालेली पण वेळेवर तेल मिळालेली गाडी, साठ हजार पळालेल्या पण तेलाला मुकलेल्या गाडीपेक्षा अधिक भरवशाची असते. टर्बो बदलायचा खर्च तेल बदलण्याच्या खर्चाच्या कितीतरी पट असतो, म्हणून हा पुरावा पाहिल्याशिवाय व्यवहार करू नये.

रोजच्या वापरात

गाडी घरी आल्यावर पाळायचे नियम थोडेच आहेत. इंजिन सुरू केल्यावर तेल टर्बोपर्यंत पोहोचायला काही सेकंद द्यावेत आणि पहिले दोन-तीन किलोमीटर गाडी हळू चालवावी. लांबचा किंवा घाटाचा जोरदार प्रवास झाल्यावर इंजिन अर्धा ते एक मिनिट मंद चालू ठेवून मग बंद करावे. गल्लीबोळातून सावकाश घरी आला असाल तर टर्बो वाटेतच निवलेला असतो. पुस्तिकेत सांगितलेल्याच प्रतीचे तेल घालावे आणि ते ठरलेल्या मुदतीत बदलावे. ही मुदत किलोमीटरची आणि महिन्यांची अशी दुहेरी असते. गाडी कमी पळाली तरी वर्ष उलटले की तेल बदलायचे.

रोज दोन किलोमीटर शाळेपर्यंत आणि दोन परत, एवढाच वापर असेल तर आणखी एक अडचण येते. इंजिन पुरते तापतच नाही, त्यामुळे तेलात शिरलेली वाफ आणि इंधन उडून जात नाही व तेल लवकर बिघडते. २०२० सालापासून लागू झालेल्या बीएस-६ नियमांच्या डिझेल मोटारींत काजळी अडवणारी गाळणी असते. तिच्यातली काजळी जाळायलाही सलग, तापलेला प्रवास लागतो. अशा घराने डिझेलपेक्षा पेट्रोल गाडीचा विचार करावा.

आणखी एक गैरसमज दूर केला पाहिजे. टर्बोमुळे इंधन वाचते असे सरसकट म्हटले जाते. लहान इंजिन सौम्यपणे चालवले तर ते खरे आहे. पण टर्बो सतत जोरात फिरवला तर जादा हवेबरोबर जादा इंधनही जळणारच. हवा आणि इंधन यांचे प्रमाण आपण वर पाहिलेच आहे. निसर्ग हिशोबात सूट देत नाही.

तुमच्या घरी किंवा शेजारी टर्बोवाली गाडी असेल तर मोठ्या माणसांच्या परवानगीने, इंजिन बंद व थंड असताना, तिचे बॉनेट उघडून पाहा. हवा आत येण्यापासून इंटरकूलरमार्गे इंजिनापर्यंतची वाट बोटाने दाखवता येते का ते बघा. मग गाडीच्या पुस्तिकेतून तेल बदलण्याची मुदत शोधा आणि शेवटच्या बिलावरची तारीख तिच्याशी ताडून पाहा. मुदत उलटून गेली असेल तर घरच्यांना आजच सांगा.